पावतीवाले गुरुजी

हदगावच्या मोंढ्यात सोयाबीनची पट्टी हातात पडली की शेतकऱ्याला दोन माणसं आठवतात: उधारीवाला आणि गुरुजी. उधारीवाल्याला चुकवता येतं. गुरुजी सेवानिवृत्त आहेत, त्यांना कुठं जायची घाई नसते.

खांद्याला शबनम, तीत सप्ताहाचं, वाचनालयाचं आणि गोशाळेचं अशी पावतीपुस्तकं. स्वतःसाठी त्यांनी कुणाकडं अर्धा कप चहा मागितला नाही. दुसऱ्यासाठी मागताना मात्र जीभ कधी अडखळत नाही.

सगळी कला पहिल्या पावतीत. त्यासाठी ते हटकून 2,101 देणारा आडत्या गाठतात. मग शेजारच्या दुकानात पुस्तक उघडतं ते नेमकं त्याच पानावर. "मनाला येईल ते द्या, मालक," असं म्हणत स्थळप्रत पुढं सरकवायची आणि छताकडं बघत बसायचं. 501 ठरवून बसलेला माणूस शेजाऱ्याचा आकडा वाचतो आणि मुकाट्यानं 1,101 काढतो.

कुणाच्या घरी काय झालं, हे त्यांना तोंडपाठ. "दादा, सभामंडपाचे पत्रे तुमच्या वडलांचेच!" आता वडलांनी खरंच दिले होते का, हे सांगायला कुणी हयात नाही; दादांचा ऊर भरून येतो नि खिसा हलका होतो. पण ज्याची पऱ्हाटी पाण्यात गेली, त्याच्या दारात शबनम उघडत नाही. नुसता रामराम, बैलाची चौकशी. पुढच्या साली तोच माणूस गव्हाचा कट्टा आपणहून आणून टाकतो. निधी उभारायचे वर्ग चालवणाऱ्यांनी या रामरामाची फी लावायला हरकत नाही.

घेण्यापेक्षा अवघड काम दात्याला मान द्यायचं. संगमरवरी फरशीवर दोन भाऊबंदांनी 11,000 सारखेच दिले, तर वर नाव कुणाचं? गुरुजींनी दाराच्या दोन बाजूंना दोन फरश्या बसवल्या. उजवी बाजू मानाची की डावी, हा वाद अजून चालू आहे. पैसे मात्र जमा झाले.

पुण्याला नोकरीला असलेली पोरं करसवलतीसाठी विचारतात, "ऐंशी जी आहे का?" पूर्वी गुरुजी "पुण्य आहे" म्हणत. आता त्यांनाही कायदा कळला आहे: "रोख 2,000च्या वर गेलं की सवलत नाही, बाळा. चेक लिही." धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यायचा असतो, म्हणून ते देवाखालोखाल ऑडिटरला भितात.

मागायची लाज वाटत नाही का, असं कुणी तोंडावर विचारलंच, तर उत्तर तयार: "महर्षी कर्व्यांनी सत्तरी उलटल्यावर आफ्रिकेत जाऊन वर्गणी मागितली. मी तर अजून जवळच्या तामशापुढं सरकलो नाही!"

पण तामशालाच गुरुजी हरतात. संक्रांतीच्या करीला तिथल्या बारालिंगाच्या देवळात भाजी-भाकरीची पंगत असते. गावागावांतून भाकरी येतात, एकाच ठिकाणी जमा होतात आणि कुणाची कुठली हे कळायला मार्ग उरत नाही. ना पावती, ना फरशी, ना माईकवर नाव. गुरुजी पंगतीत अस्वस्थ बसतात. "नोंद कोण ठेवतं हो याची?" असं एकदा त्यांनी वाढप्याला विचारलं. त्यानं ऐकलं ते एवढंच की माणूस काहीतरी मागतोय, आणि पत्रावळीवर आणखी एक भाकरी टाकून तो पुढं गेला.