लुईसाबाईंचा कडा, आमची क्रीम

1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून डोंगर चढून वर आले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला. ठाकूर, धनगर, कातकरी त्या डोंगरात आधीपासून होते. पण त्यांना ठाऊक असणं म्हणजे शोध नव्हे. साहेबाला उन्हाळ्यात कातडी सांभाळायला गार जागा हवी होती, ती मिळाली. मग तळ्याला शार्लोट, कड्याला लुईसा अशी मडमांची नावं पडली. एखाद्या ठाकरणीच्या नावाचा पॉइंट असेल तर जरूर कळवा.

साहेब गेला, कातडी सांभाळायची खोड मागे राहिली. आता लुईसा पॉइंटवर प्री-वेडिंग शूट चालतं. नवरी मुलगी फुग्याच्या बाह्यांच्या पांढऱ्या गाऊनमध्ये, घोळ उचलायला मैत्रीण, चेहऱ्यावर सनस्क्रीनचा थर, वर रंग उजळणारा फिल्टर. तांबड्या मातीने घोळ वीतभर माखलेला. गावात मोटारींना बंदी, म्हणून मेकअपची पेटी दस्तुरी नाक्यापासून डोक्यावर आणणारी बाई झाडाखाली टेकलेली. ‘मावशी, जरा सरका ना, फ्रेममध्ये येताय!’

सगळं खापर साहेबावर फोडून मोकळं होता येणार नाही. गोऱ्या सुनेचं वेड आपल्या घरात आधीही होतं. साहेबाने त्याला सत्तेचं वजन दिलं, वर शास्त्राचा शिक्का मारला. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली तर नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावत होते! पुढचं काम आपण हौसेने अंगावर घेतलं. साहेबाला जाऊन 28 वर्षं झाली तेव्हा, 1975 मध्ये, फेअर अँड लव्हली बाजारात आली. 2020 मध्ये वर्णभेदावरून जगभर गदारोळ उठला आणि ‘फेअर’चं ‘ग्लो’ झालं. स्थळं सुचवणाऱ्या आमच्या काकूही सुधारल्या. त्या आता ‘गोरी’ म्हणत नाहीत, ‘फोटोपेक्षा प्रत्यक्षात उजळ आहे हो’ म्हणतात.

मुलाच्या बायोडेटात पगार ठळक, मुलीच्या बायोडेटात ‘वर्ण’. मुलींच्या आईबाबांनो, यंदा प्रिंट काढण्याआधी तो रकाना उडवा. ‘रंग लिहायचा राहिला का?’ असा फोन आलाच, तर त्या घरची पुढची चौकशी करू नका.