हार्ड डिस्क टकटकते तेव्हा

कॉम्प्युटरमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला, की मराठी माणूस आधी कॅबिनेटला एक चापट मारतो. जुन्या टीव्हीला हा इलाज लागू पडायचा, त्यामुळे चापटेवरची श्रद्धा अजून पुरती उडालेली नाही. इथे ती महागात पडते. हार्ड डिस्कच्या आत अनेकदा मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकत्या असतात आणि त्या वाचणारं हेड त्यांच्यावरून जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. माणसाचा केससुद्धा त्या फटीच्या हजारो पट जाड. हेड टेकलं, की बारशापासून मुंजीपर्यंतचे फोटो अक्षरशः खरवडून निघतात.

मग कुणीतरी फ्रीजरचा उपाय सुचवतं. डिस्क पिशवीत गुंडाळून रात्रभर मटारशेजारी ठेवायची! यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. काही जुन्या डिस्कचे अडकलेले भाग थंडीने आकसून तात्पुरते सुटत. पण बाहेर काढताच तिला घाम फुटतो, आणि चकतीवर दव धरलं की खेळ खलास. मुंबईच्या जुलैत तर विचारूच नका. मटार तेवढे टिकतात.

खरं तर डिस्क आपल्या दुखण्यांची नोंद स्वतःच ठेवते. या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती नोंद उघडून दाखवतं. ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्याच्या वर चढला, तर काही जागा वाचताना डिस्क अडखळते आहे. ‘यूडीएमए सीआरसी एरर’ वाढत असेल, तर डिस्क बहुधा निर्दोष, गुन्हेगार केबल. (आकडे हेक्स पद्धतीत असतील तर १० म्हणजे सोळा. यावरून घरात वाद घालू नये.)

सोसायटीतल्या जाणकार काकांना एवढा धीर नसतो. ते थेट चेकडिस्क चालवतात. ती आज्ञा फाइलींची मांडणी सावरते, पण मरणपंथाला लागलेल्या डिस्कचा कानाकोपरा वाचायला लावून तिचा जीवही काढते. शेवटी ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके शेपटीच्या निनावी फाइली उरतात. त्यातली मुंज कुठली आणि बारसं कुठलं, हे काकांनाही सांगता येत नाही.

जीएनयू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर त्यापेक्षा शहाण्यासारखं वागतं. सहज वाचता येतं ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं, अवघड जागा मागे ठेवतं आणि कुठवर आलो याचा नकाशाही राखतं. दुरुस्ती करायची ती त्या प्रतीवर.

२००९च्या सुमारास सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या धडधाकट डिस्क फर्मवेअरमधल्या चुकीमुळे अचानक कॉम्प्युटरला दिसेनाशा झाल्या. हौशी मंडळींनी सर्किट बोर्डाखाली कागदाचा कपटा सरकवला, सिरियल केबलने आज्ञा दिल्या आणि त्या जाग्या केल्या. असं यश क्वचित, पण त्याच्याच कथा काका सांगत फिरतात.

तेव्हा टकटक ऐकू आली, की आधी वीज बंद करा. डेटा मोलाचा असेल तर डिस्क क्लीन रूम असलेल्या जाणकाराकडे न्या. आणि काका आलेच, तर त्यांना चहा द्या, कीबोर्ड देऊ नका.