आठ नंबर, नऊ नंबर

गणेशोत्सवात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांमध्ये रस्त्याच्या मधोमध पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवले जायचे, तेव्हा प्रेक्षकांचे दोन वर्ग असत. पहिला, पडद्यासमोर सतरंजीवर मांडी ठोकून बसलेला. दुसरा, उशिरा आल्यामुळे पडद्यामागे गेलेला. मागच्यांना सगळं उलटं दिसे. डावखुरा अमिताभ त्यांच्यापुरता उजव्या हाताने ठोसे लगावी आणि नावांच्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचाव्या लागत. खलनायक मात्र दोन्ही बाजूंनी तेवढाच वाईट दिसायचा. त्याच्या बाबतीत गल्लीत पंक्तिभेद नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बादल्यांची रांग लागली की चर्चा व्हायची तीही त्याचीच. हिरोने काय केलं हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असे. आई सापडली, भाऊ भेटला, लग्न ठरलं. खलनायकाबद्दल मात्र मतं असत. गंमत म्हणजे त्या मतांत त्याच्या गुन्ह्यांना जागा नसे. तो नेमका कसला धंदा करायचा? ‘स्मगलिंग’ एवढंच. पेट्यांत काय होतं? ‘माल’. तो माल कुठून आला, कुणाला विकला, त्यात सुटलं किती, याची विचारपूस एकाही प्रेक्षकाने केली नाही. लक्षात राहिली ती त्याची चालण्याची ढब, तंबाखू मळायची रीत आणि पायातले बूट.

बुटांचं उदाहरण तर अस्सल आहे. १९७३ साली आलेल्या ‘यादों की बारात’मध्ये अजितने शाकाल नावाचा खलनायक केला. त्याच्या एका पायात आठ नंबरचा बूट आणि दुसऱ्यात नऊ नंबरचा. सिनेमात खून, ताटातूट, सूड असा भरगच्च मामला आहे, तरी पन्नास वर्षांनंतर लोक सांगतात ते बुटांचंच. या माणसाला दर वेळी दोन जोड विकत घ्यावे लागत असणार आणि उरलेला एक आठ, एक नऊ कपाटात पडून राहत असणार, हा हिशोब मध्यमवर्गीय घरांत फार गांभीर्याने मांडला गेला. शेवटी शाकालचा पाय रुळांत अडकतो आणि समोरून गाडी येते. म्हणजे ज्या पायांनी ओळख मिळवून दिली, त्यांनीच घात केला.

अजित मूळचा हैदराबादचा, नाव हमीद अली खान. आधी तो रीतसर नायक होता. खलनायक झाल्यावर त्याला कळलं, की ओरडण्याची गरजच नाही. ‘जंजीर’मधला त्याचा तेजा बिंदूला ‘मोना डार्लिंग’ म्हणतो ते अशा शांतपणे, की जणू चहात साखर किती हे विचारतोय. मग १९७६ मध्ये सुभाष घईंचा पहिला सिनेमा ‘कालीचरण’ आला आणि अजित ‘लायन’ झाला. एक पोलीस अधिकारी मरताना लायनचं नाव इंग्रजीत लिहून ठेवतो. इतरांच्या हातात तो कागद उलटा पडतो आणि त्यावर ‘नंबर १७’ असं दिसतं. मग सगळे सतरा नंबरच्या मागे. गल्लीत हा सिनेमा पाहताना पडद्यामागच्या मंडळींना अभिमान वाटायला हरकत नव्हती. उलटं वाचायची सवय असलेले पोलीस खात्यात असते तर सिनेमा मध्यंतरालाच संपला असता.

यानंतर गब्बरकडे वळणं भागच आहे.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला. गब्बरची भूमिका आधी डॅनी डेन्झोंगपाकडे होती, पण तो ‘धर्मात्मा’च्या चित्रीकरणासाठी अफगाणिस्तानात अडकला आणि अमजद खानचं नशीब उघडलं. अमजदने तयारीसाठी तरुणकुमार भादुरी यांचं चंबळच्या डाकूंवरचं ‘अभिशप्त चंबल’ वाचलं. हे भादुरी म्हणजे जया बच्चन यांचे वडील. गब्बरचा तो मळकट लष्करी पोशाख आला मुंबईच्या चोरबाजारातून. डाकूचे कपडे चोरबाजारातून घेण्याइतकी सचोटी आजच्या वेशभूषाकारांकडे असेल का, कोण जाणे.

गब्बर दरोडेखोर म्हणून भयंकर असेल, पण त्याचा मूळ पिंड गणिताच्या मास्तरांचा आहे. हरून आलेल्या माणसांना तो पहिला प्रश्न विचारतो तो संख्येचा. समोरचे दोन, आपले तीन. उत्तर का चुकलं? मग पिस्तुलात सहा घरं, माणसं तीन, म्हणून तीन गोळ्या हवेत उडवून तो उदाहरण सोपं करून घेतो. आपल्या डोक्यावर किती इनाम आहे, हेही तो स्वतः सांगत नाही, कातळावर बसलेल्या सांबाकडून वदवून घेतो. पाहुण्यांसमोर आपला पगार बायकोच्या तोंडून ऐकवणारे गृहस्थ प्रत्येक नात्यागोत्यात एक तरी असतातच. मॅकमोहनच्या सांबाच्या वाट्याला बोलायला आला तो जवळजवळ तेवढाच एक आकडा, पण त्या पन्नास हजारांवर त्याचं नाव कायमचं पक्कं झालं.

एकच गोष्ट गब्बरला जमली नाही, पंचांग. होळी कधी आहे हे तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो. जयंत साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघू लागलं होतं. अड्ड्यावरच्या एखाद्या खिळ्याला ते टांगलं असतं, तर होळीच नव्हे, संकष्टी आणि अमावस्याही कळली असती, आणि मागच्या पानावर पाककृती मिळाली असती ती वेगळीच.

गब्बरच्या शेवटातही बूट आहेत. मूळ सिनेमात हात तुटलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी त्याला तुडवून मारतो. आणीबाणीचे दिवस होते. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा पायात घ्यावा, हे सेन्सॉरला रुचलं नाही. मग ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर जिवंत राहतो. तो जिवंत राहिला आणि थेट बिस्किटांच्या जाहिरातीत पोचला. मुलं ज्याच्या नावाने झोपायची, त्याच्याच शिफारशीवर ती आता ग्लुकोज बिस्किटं खाऊ लागली.

‘शोले’नंतर रमेश सिप्पींनी १९८० मध्ये ‘शान’ काढला. त्यात कुलभूषण खरबंदाने पुन्हा एक शाकाल केला. टक्कल, बेट, गरगर फिरणारं टेबल. जेम्स बाँडच्या वैऱ्याचा, ब्लोफेल्डचा, हा चुलतभाऊच. ब्लोफेल्डच्या मांडीवर पांढरी मांजर असायची. या शाकालकडे मगर होती, जी मांडीवर घेता येत नाही. बूट दोन्ही एकाच मापाचे असावेत; त्यांच्याबद्दल कुणी काही बोललेलं आढळत नाही.

मग आला मोगॅम्बो. १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’. अंगठ्या घातलेली बोटं सिंहासनावर टकटक वाजवत बसणारा हा मनुष्य आपल्या आनंदाची वार्ता नेहमी तृतीयपुरुषी एकवचनात देतो. पूर्वी काही सासरेबुवा सुनेशी असंच बोलत, ‘मामंजींना चहा हवाय’ म्हणून. त्याचा तो लष्करी थाटाचा झगमगीत कोट शिवला होता माधव अगस्ती या मराठी माणसाने. आणि मोगॅम्बो साकारणारे अमरीश पुरी? सिनेमात पूर्णवेळ येण्याआधी त्यांनी दोन दशकं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी केली होती, संध्याकाळी सत्यदेव दुबेंची नाटकं करत. ज्या माणसाने उमेदीची वर्षं कामगारांच्या विम्यात घालवली, त्याच्याच पदरचे कामगार एका हुकमासरशी उकळत्या तेजाबात उड्या मारतात, तेही कुठलाही फॉर्म न भरता. ‘मिस्टर इंडिया’च्या तीन वर्षं आधी स्टीव्हन स्पीलबर्गने त्यांना ‘टेंपल ऑफ डूम’मध्ये मोलाराम केलं होतं. तिथे ते माणसाचं काळीज हाताने बाहेर काढतात. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना त्यात फारसं नवल वाटलं नाही.

मराठी मातीतल्या खलनायकाला असला थाट परवडत नव्हता. निळू फुले यांना बेट लागलं नाही, मगर लागली नाही. धोतराचा सोगा, तिरकी नजर आणि जिभेवर घोळून येणारं वाक्य एवढ्या भांडवलावर त्यांनी गावंच्या गावं दहशतीखाली ठेवली. प्रत्यक्षात हा सेवादलाचा कार्यकर्ता, एके काळी पुण्यात माळीकाम केलेला. पण बायाबापड्यांच्या शिव्या त्यांनी आयुष्यभर खाल्ल्या आणि त्या पावत्या समजून जपल्या.

नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी केला, तोही आवाज न चढवता. पुढे ‘सडक’मधल्या महाराणीसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. खलनायकासाठी वेगळा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता. म्हणजे पहिला मान नगरकडे आला, आणि तोही साडी नेसून.

आणि १९९३ मध्ये महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’तून तात्या विंचू आला. हॉलिवूडच्या खुनी बाहुल्यावरून तो सुचला हे उघड आहे, पण नावात खरी करामत आहे. तात्या म्हटलं की ओसरीवर अडकित्ता घेऊन बसलेला वडीलधारा डोळ्यांपुढे येतो. त्याला विंचू जोडला की तोच तात्या चावतो. भूमिका आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा, बाहुला रामदास पाध्यांचा. प्रभावळकरांनी पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये महात्मा गांधी केले. ज्या मुलांनी तात्या विंचूच्या भीतीने कपाटातल्या बाहुल्या माळ्यावर टाकल्या होत्या, त्यांनीच मोठेपणी त्याच माणसाकडून अहिंसेचे धडे घेतले.

तर गल्लीतल्या पडद्याकडे परत जायचं, तर ‘शोले’ दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरलेली असे. मुलांचा खेळ सुरू होण्याआधीच मोडायचा, कारण ठाकूर व्हायला कुणी तयार नसे आणि गब्बर चौघे. तडजोड म्हणून पाळीपाळीने गब्बर व्हायचं. त्यासाठी गॅलरीच्या शहाबादी फरशीवर बक्कल घासत, खर्रर्र आवाज करत पट्टा ओढायचा. पट्टा अर्थातच कुणाच्या तरी वडिलांचा. इकडे नऊ वाजून पाचची लोकल गाठायची म्हणून ते वडील एका हाताने पँट धरून घरभर शोधताहेत, आणि बाहेरून खर्रर्र ऐकू येतंय. ते दारात येतात. आवाज थांबतो, पोरं जिन्यावरून पसार होतात, फरशीवर नुसतं बक्कल चमकत राहतं. कठड्याशी शेंगदाणे खात धाकटी तेवढी उभी असते.

“कितीजण होते गं?” वडील विचारतात.

धाकटी शेंगदाण्यांची मूठ न सोडता दुसऱ्या हाताची दोन बोटं वर करते.