माळ्यावरची कुऱ्हाड

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या माळ्यावर एक कुऱ्हाड आहे. पाहुण्यांसमोर हे वाक्य मी सहसा उच्चारत नाही, कारण त्यानंतर पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात.

कुऱ्हाड वडिलोपार्जित आहे. चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मोठ्या काकांकडे माड गेले, धाकट्या काकांकडे विहीर गेली (आणि विहिरीबरोबर तिचा गाळ), आणि बाबांच्या वाट्याला 'तू पुण्याला राहतोस, तुला काय करायचंय' हे वाक्य आलं. ते वाक्य घेऊन निघताना बाबांनी पडवीच्या कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. कुणी हरकत घेतली नाही. चिडलेल्या माणसाच्या हातात कुऱ्हाड असताना हरकत घेणारे आमच्या घराण्यात जन्मले नाहीत.

ती आजोबांची. दांडा धामणीचा. धामण नावाचं झाड असतं आणि त्याचं लाकूड चिवट, दणका सोसणारं म्हणून अवजारांच्या दांड्यांना वापरतात, हे मला बरंच उशिरा कळलं. तोवर मी तो दांडा सापाचा समजत होतो आणि आजोबांबद्दलचा माझा आदर मुख्यतः त्यावर उभा होता. पात्याला जे भोक असतं त्याला नेढं म्हणतात. सुईच्या भोकालाही नेढंच म्हणतात आणि राजगडाच्या माथ्यावर कड्याला आरपार पडलेलं जे भलंमोठं भगदाड आहे, तेही नेढंच. मापाच्या बाबतीत मराठी भाषा मोकळ्या मनाची आहे. नेढ्यात दांडा घालायचा, वर उरलेल्या फटीत पाचर ठोकायची, झाली कुऱ्हाड. यातली पाचर लक्षात ठेवा. ती पुढे येणार आहे. खरं म्हणजे, जाणार आहे.

मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून लाकडं फोडायची. आजोबांचं शिक्षण तोंडी होतं आणि त्यात शिव्यांचं प्रमाण बरंच. ओंडक्याची गाठ बघ, गाठीवर घाव घालू नकोस. चीर कुठे गेलीय ती बघ, तिच्या वाटेने घाव घाल. जोर लावू नकोस मेल्या, कुऱ्हाड वजनाने पडते, तिला पडू दे. पाय फाकवून उभा राहा. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण नेम चुकला तर पातं दोन पायांच्या मधून जमिनीत जायला हवं. 'आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेणे' या वाक्प्रचारात त्यासाठी काही खास प्रयत्न करावे लागतात असं सूचित होतं. तसं काही नाही. मी दहाव्या वर्षी तिसऱ्याच घावाला ते सहज साधलं. स्लिपरचा अंगठा गेला, माझा राहिला. आजोबांनी आधी पात्याला खड्डा पडलाय का ते पाहिलं, मग मला.

खड्डा पडला की कुऱ्हाड लोहाराकडे जायची. तो ती लाल करून, ठोकून, शेवटून द्यायचा आणि धारेला पाणी पाजायचा. धारेला पाणी कमी झालं तर ती वळते, जास्त झालं तर तुटते. आजोबांचं माणसांबद्दलचं मतही साधारण याच धर्तीवर असे. मी 'पाणी कमी' गटात होतो.

आमचा सगळा मुलूखच खरं तर कुऱ्हाडवाल्याचा. परशुराम नावाचं गाव आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण गंमत बघा. केरळवाले सांगतात की परशुरामाने कुऱ्हाड फेकली, ती जिथे पडली तिथवर समुद्र हटला. आमच्या कोकणात सांगतात की त्याने बाण मारला. म्हणजे हातात परशू, नावात परशू, आणि ऐन जमीन मिळवायच्या वेळी आमच्याकडे परशू जपून ठेवला. हे मला अस्सल कोकणी वाटतं. चांगली वस्तू समुद्रात कोण फेकतो?

आजोबांनीही आयुष्यात एकदाच कुऱ्हाड संरक्षणासाठी उचलली. रात्री आगरात खसफस झाली म्हणून ते कुऱ्हाड घेऊन निघाले, तर चोर माडावर. वर चोर, त्याच्या हातात कोयता. खाली आजोबा, त्यांच्या हातात कुऱ्हाड.

"खाली उतर," आजोबा म्हणाले.

"आधी कुऱ्हाड ठेवा, अण्णा."

"नाही ठेवली तर?"

"मग मी वरच बरा."

आजोबांपुढे पेच होता. माडाखाली कुऱ्हाड घेऊन उभा असलेला माणूस एकच धमकी देऊ शकतो, आणि माड स्वतःचा असला की तीही देता येत नाही. बरं, त्याला उपाशी ठेवून उतरवावं, तर वर शहाळी. खाली आजोबांच्या डोक्यावर केव्हा काय पडेल याची शाश्वती नाही. शेवटी पहाटेच्या सुमारास तह झाला. तो वर गेलाच आहे तर वाळलेल्या झावळ्या काढायच्या, तयार नारळ पाडायचे, शेजारचा माडही उरकायचा आणि मजुरीचे चार नारळ घेऊन मानाने जायचं. पुढे कित्येक वर्षं आमचे नारळ तोच पाडत असे. आजी म्हणायची, "यांनी चोर धरला नाही, लावून घेतला."

ही कुऱ्हाड पुण्याला एसटीने आली, गोणपाटात गुंडाळून. कंडक्टरने विचारलं, काय आहे? बाबा म्हणाले, वाटणी. त्याने पुढे काही विचारलं नाही. त्यालाही भाऊ असणार.

पुण्यात तिला काम नाही. लाकूड फोडायला चूल नाही. झाडाची फांदी तोडायची तर १९७५ चा वृक्ष कायदा आहे, अर्ज आहे, पाहणी आहे. तोवर फांदी वठून आपणहून पडते. बेरोजगार कुऱ्हाडीला मग शस्त्र म्हणायला लागतात. कोयत्याचं तर फारच वाईट झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बीड जिल्ह्यातल्या. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. तिकडे मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. "आमचं घर म्हणजे दीड कोयता," मावशी सांगतात, "मधला भाऊ हाताशी आला तवा." तोच कोयता पुण्याच्या वर्तमानपत्रांत पोहोचला आणि त्याच्यामागे गँग हा शब्द लागला. मध्यंतरी तर विकत घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं. मावशींनी ते ऐकून विचारलं, "अर्ध्या कोयत्याला अर्धं कारड चालंल का?"

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत चोरांची आवई उठली. शेजारच्या इमारतीत दोघे शिरले होते म्हणे. कुणी म्हणे चौघे. संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक झाली आणि कुणाकडे काय आहे याची मोजदाद झाली. दोन बॅटी, त्यातली एक प्लास्टिकची. तळमजल्यावरच्या निवृत्त साहेबांची हॉकी स्टिक. एक पहार, जी उचलायला दोघे लागतात. घरोघरी खलबत्त्यातले बत्ते. सेक्रेटरींनी आपल्याकडे छत्री असल्याचं सांगितलं आणि 'टोकदार आहे' अशी पुस्ती जोडली. मग माझ्या बायकोने, मी डोळ्यांनी नको नको म्हणत असताना, कुऱ्हाडीचं नाव काढलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत त्या सोसायटीत माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं.

साहेब कायद्याचे जाणकार. ते म्हणाले, स्वसंरक्षणाचा हक्क आहेच, भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्यासाठीच आहेत. मात्र बळ जरुरीपुरतंच वापरायचं, जास्त नाही. म्हणजे रात्री दोन वाजता अंधारात चोर दिसला की आधी त्याची जरुरी किती आहे हे ठरवायचं. शिवाय पोलीस कायद्याचं कलम ३७ लागू असलं की लाठ्या, काठ्या, सोटे, सुरे असलं काही घेऊन बाहेर हिंडायला मनाई. त्या यादीत सोटा आहे हे ऐकून मला बरं वाटलं. सोटा हा शब्द कुणीतरी अजून वापरतंय.

रात्री भाच्याला फोन केला. तो अमेरिकेत असतो आणि शनिवारी पैसे भरून कुऱ्हाडी फेकायला जातो. तिकडे त्यासाठी जागा असतात. भिंतीवर लाकडी चक्र, समोर रेघ, हातात कुऱ्हाड. आजोबांनी मला दिलेल्या शिव्या ऐकल्या असत्या तर त्याचे पैसे वाचले असते. तो म्हणाला, "मामा, कुऱ्हाड जुनी झाली. टोमाहॉक घे." मग त्याने तासभर माहिती दिली. टोमाहॉक म्हणजे हलकी, एका हातात मावणारी कुऱ्हाड. शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांनी लोखंडी पाती करून त्यांनाच विकली. व्हिएतनामच्या युद्धात काही अमेरिकी सैनिकांनी स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन वापरला. यातलं मला एकच आवडलं. पूर्वी एक चिलमीचा टोमाहॉक मिळत असे. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला चिलीम, दांडा आतून पोकळ. भांडण असेल तर पातं, समेट झाला तर त्याच दांड्यातून झुरका. आजोबांना माडाखालच्या त्या रात्री नेमकी हीच वस्तू हवी होती.

"फेकून मारायचा का?" मी विचारलं.

"मारता येतो, पण अंतर जमलं पाहिजे. हवेत एक पूर्ण गिरकी घेऊन पातं पुढे यावं लागतं. साधारण बारा फूट."

आमचा हॉल दहा फुटांचा आहे. चोराला दार उघडून जिन्यात उभं राहायची विनंती करावी लागली असती.

झोप येईना म्हणून मी वाचत बसलो तर १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला तो माणूस पुढे आला. ५,००० वर्षांहून जुना. जवळ तांब्याची कुऱ्हाड, दांड्यासकट, अगदी शाबूत. मी बायकोला उठवून दाखवणार होतो, की बघ, कुऱ्हाड बाळगणारे लोक फार पूर्वीपासून आहेत. पण पुढे वाचलं. २००१ मध्ये त्याच्या खांद्यात बाणाचं टोक सापडलं. कुणीतरी मागून, लांबून मारला होता. कुऱ्हाड जवळच होती. मारणाऱ्याने ती नेलीसुद्धा नाही. मी दिवा मालवला.

तरी दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड माळ्यावरून काढलीच. चटकन हाताला यावी म्हणून दांड्याच्या टोकाला सुतळी बांधून बाथरूमच्या दाराजवळच्या खुंटीला टांगली, पातं खाली. तिची जागा चुकली होती हे मला तेव्हा कळलं नाही. एप्रिल चालू होता. कोकणातली दमट हवा खाऊन फुगलेला धामणीचा दांडा पुण्याच्या उन्हाळ्यात आतल्या आत आकसत होता, हेही कळलं नाही.

तिसऱ्या रात्री, दोनच्या सुमारास, बाथरूमकडून दणकन आवाज आला. मग काहीतरी फुटल्याचा. मग शांतता.

"अहो," बायको म्हणाली, "आलेत."

मी उठलो. घशाला कोरड पडली होती, पण आजोबांची आठवण झाली. पाय फाकवून अंधारात सरकत गेलो, चाचपून दांडा धरला आणि एका हिसक्यात सुतळी तोडून कुऱ्हाड डोक्यावर उगारली. इतकी हलकी ती कधीच लागली नव्हती. संकटात माणसाला दहा हत्तींचं बळ येतं असं ऐकलं होतं. आपल्यालाही आलं, या जाणिवेने मला भरून आलं. "कोण आहे रे?" मी ओरडलो. माझ्या आवाजाने आणखी एक गोष्ट झाली, ती म्हणजे खालच्या मजल्यावरचे दिवे लागले.

बायकोने बाथरूमचा दिवा लावला. तिच्या हातात बत्ता होता. माझ्या हातात काठी होती. खाली फुटलेली बादली, तडकलेली फरशी आणि त्यावर, दमून आडवं झाल्यासारखं, पातं पडलं होतं. पाचर दिवाणखान्यापर्यंत गेली होती.

बायकोने पात्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे, मग तो धरणाऱ्याकडे.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात," ती म्हणाली, "मी समजत होते की ती नुसती म्हणच आहे."

एवढ्यात हॉकी स्टिक आणि छत्री एकदमच दारात आल्या. चोर कुठंय, साहेबांनी विचारलं. मी पात्याकडे बोट दाखवलं. सेक्रेटरींनी छत्री मिटली.

पहाटे बाबांना फोन केला. त्यांनी आधी पात्याला खड्डा पडलाय का विचारलं. मग म्हणाले, "पाचर बसव आणि पाण्यात घालून ठेव. लाकूड फुगतं." आमच्याकडे पाणी दिवसातून एकदा येतं, बादली फुटलेली. शेवटी धाकटीच्या आंघोळीच्या टबात, प्लास्टिकच्या दोन बदकांच्या मध्ये, आजोबांची कुऱ्हाड भिजत पडली.

सकाळी मावशी आल्या, टबाकडे बघून थबकल्या. काय झालं ते बायकोने सांगितलं, रंगवून सांगितलं. मावशींनी कुऱ्हाड पाण्यातून काढली, पदराने पुसली. पातं खाली लोंबत ठेवून दांडा एका हातात उभा धरला, दुसऱ्या हाताने कट्ट्यावरचा बत्ता घेऊन दांड्याच्या वरच्या टोकावर तीन ठोके मारले. पातं खालून वर, आपणहून चढत गेलं आणि घट्ट बसलं. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो.

"पातं जड असतं, ते जागा सोडत न्हाई," त्या म्हणाल्या. "दांडाच त्याच्यात शिरतो." मग त्यांनी धारेवरून अंगठा आडवा फिरवला, मान हलवली आणि मला विचारलं, "भाऊ, हिच्यानं हितं तुमी फोडता तरी काय?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "फरशी."