मढीच्या तंबूत ‘माहेरची साडी’

मढीला निघालो ते कानिफनाथांच्या दर्शनाला, असं आत्यानं सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. एस.टी.नं करंजी घाट ओलांडायच्या आत खरं कारण बाहेर आलं. “दर्शन तर घेऊच. पण तंबूत ‘माहेरची साडी’ आलीय म्हणं.” मामांनी मान डोलवली. त्यांचा जीव मढीच्या गाढवांच्या बाजारात. घ्यायचं काही नव्हतं, नुसते भाव विचारायचे होते. माझे वडील, म्हणजे आत्याचे दादा, खिडकीशी निवांत डुलक्या घेत होते. त्यांना पुढची कल्पना नव्हती.

विजय कोंडके यांचा हा सिनेमा १९९१ चा. मूळ कथा राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’ची, पण अलका कुबल रडायला लागल्या की राजस्थान कुणाला आठवतंय!

यात्रेत दोन तंबू शेजारीशेजारी. एकाचा भोंगा रडायला बोलवत होता, दुसऱ्याचा मारामारी बघायला. आमच्या तंबूत बायका एकीकडे, गडी एकीकडे, मधे दोर. खाली माती. आत्यानं सतरंजी टाकून निम्म्या भावकीची जागा धरली.

उषा नाडकर्णी सासू होऊन पडद्यावर आल्या आणि बायकांच्या बाजूनं शिव्यांची सरबत्ती सुरू झाली. पोरीला पांढऱ्या पायाची ठरवणारा बाप म्हणजे विक्रम गोखले; त्यांनाही कुणी सोडलं नाही. ऐन हुंदक्याला शेजारच्या तंबूतून ‘ढिशूम्’ आलं. तो ठोसा सासूलाच बसला असं धरून टाळ्या पडल्या. तेवढ्यात बाजारातल्या एका गाढवानं सूर लावला. गडी हसले. आत्या ताडकन उभी राहिली, “ज्याला बहीण नाही त्यानं हसावं!” तंबू चिडीचूप. गाढव तेवढं ओरडत राहिलं.

मग रीळ तुटलं, दिवे लागले, आणि आत्याला दोरापलीकडे वडील दिसले.

“दादा, दोन दिवाळ्या झाल्या. साडी कुठंय?”

वडिलांनी टोपी सारखी केली. शेजारचे दोघंतिघं त्यांच्याकडं बघून हसले, पण ते हसू टिकलं नाही. दोराच्या अल्याडून एकेक बहीण उठायला लागली होती. कुणाची भाऊबीज राहिलेली, कुणाचं बारसं कोरडं गेलेलं. रीळ जोडून झालं तरी हिशेब चालूच होते.

सकाळी साडीच्या पालांपुढं गर्दी, रेवड्यांच्या दुकानापेक्षा जास्त. वडिलांनी हिरवी साडी घेतली. आत्यानं ती बदलून जांभळी घेतली, वर फरकाचे पैसेही त्यांनाच भरायला लावले.

तेव्हा बंधूंनो, हा सिनेमा बहिणीबरोबर बघायचा असेल तर तिकिटाखेरीज साडीचे पैसेही खिशात असू द्या.