झाड तर पडलेलंच आहे!

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आलं. पहिलं नाव बांगलादेशाने सुचवलेलं, दुसरं म्यानमारने, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पडलेलं झाड कापायचं कसं, हे मात्र कुणी शिकवत नाही. त्यात शिकवायचं काय? झाड तर पडलेलंच आहे!

पण आडवं झाड निपचित नसतं. वाकून अडकलेलं खोड ताणलेल्या गलोलीसारखं असतं. दाबलेल्या बाजूने करवत घातली तर पातं चिमटतं, ताणलेल्या बाजूने बेधडक घातली तर खोड उसळून छातीवर येतं. उन्मळलेल्या झाडाचं तर विचारूच नका. खोड तोडून वजन उतरवलं की मुळांचा गड्डा मातीसकट पुन्हा आपल्या खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात हमखास कुणीतरी सावलीला टेकलेलं असतं.

साखळी करवत चालवणाऱ्याला हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, कानांवर आवाज अडवणारी झापडं हवीत. अशी पँटही मिळते, जिचे धागे साखळीत गुंतून यंत्र जागीच थांबवतात. आपल्या गड्याकडे हाफपँट, स्लिपर आणि डोक्याला टॉवेल. हेल्मेट नाही असं नाही. ते पाहणीला आलेल्या साहेबांच्या डोक्यावर आहे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर राखावं, हा नियमही साहेबच पाळतात. बाकी गाव मोबाइल उगारून बुंध्यापाशी. ‘लाइट गेलीय, तारेत काही नाही,’ असं छातीठोक सांगणाराही त्यातच, आणि शेजारच्या बंगल्यात जनरेटर धडधडतोय, त्याची वीज त्याच तारेत उलटी येऊ शकते.

कायदा नाही असं कोण म्हणतं? शहरांसाठी १९७५ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. उभं झाड तोडायचं तर अर्ज करा, परवानगी घ्या. वर चढणाऱ्याकडे मात्र कुणी कागद मागत नाही. झाड तोडायला परवानगी लागते, झाडाखाली चिरडायला लागत नाही. त्यात ठेकेदाराचा दर झाडामागे. थांबून ताण कुठल्या बाजूला आहे ते बघणारा गडी त्याला परवडायचा कसा?

पंचनाम्यात नारळ, पोफळ, आंबा, कौलं, गोठा यांची नोंद चोख होते. साफसफाईत कंबर मोडलेल्या गड्याचा भाऊ त्याचंही नाव घाला म्हणून गेला, तेव्हा लेखणी थांबली.

‘वादळात पडला की वादळानंतर?’

‘दुसऱ्या दिवशी, साहेब. रस्ता मोकळा करताना.’

‘मग ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. पुढचं झाड सांगा.’