हिरव्या टाकीचं विसर्जन

मराठी घरात रिकामी झालेली वस्तू टाकायची नसते, तिची बदली करायची असते. आइस्क्रीमचा डबा कढीपत्त्याच्या खात्यात जातो, जॅमची बाटली मोहरीच्या. गॅसच्या रिकाम्या टाकीला तर भरलेल्या टाकीहून जास्त मान, कारण रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही. असे संस्कार झालेल्या माणसाच्या हाती कॅलिफोर्नियात कॅम्पिंगची हिरवी टाकी द्यावी आणि गंमत बघत बसावं.

ही टाकी म्हणजे आपल्या १४.२ किलोच्या लाल टाकीचं शेंडेफळ. आत जेमतेम एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम प्रोपेन. तो उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे सिएरा नेवाडाच्या ज्या गारठ्यात ब्यूटेन संपावर जातो, तिथेही हा पठ्ठ्या इमानेइतबारे चहा करून देतो. पण पोहे, चहा, मॅगी होता होता गॅस संपतो आणि टाकी उरते. खरी मोहीम तिथून सुरू होते.

कचऱ्यात टाकायची सोय नाही. तळाशी चुकार गॅस राहिलेला असतो आणि कचरागाडीत दाब बसला की तो भडकू शकतो. अस्सल पोलादाची असूनही रिसायकलिंगच्या डब्यात तिला प्रवेश नाही. पुन्हा भरून घ्यावी, तर टाकीवरच धमकी छापलेली: भरून वाहतूक केल्यास ५ लाख डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद. दंडाच्या रकमेत कोथरूडला ऐसपैस फ्लॅट येईल. पण पाच वर्षं राहायची सोय सरकारच करणार म्हटल्यावर फ्लॅट हवाय कशाला?

त्यामुळे टाक्या गॅरेजमध्ये साठत जातात. सांगलीहून आलेल्या आत्याने आमच्याकडची रांग पाहिली आणि ती हळहळली.

“एवढं दणकट लोखंड टाकतोस व्हय? भोक पाडून गल्ला कर. नाहीतर मोगरा लाव त्यात.”

“आत्या, आत गॅस असतो. भोक पाडताना ठिणगी उडाली तर तो मोगरा आपल्याच फोटोला घालावा लागेल.”

“मग भंगारवाल्याला दे.”

“तो बंद टाकी बघूनच हात जोडतो.”

“बरं, मी नेते सांगलीला. साड्यांत गुंडाळते.”

विमानतळावरच्या तपासणीत पैठणीतून प्रोपेनची टाकी निघतेय, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोर तरळलं आणि मी घाईघाईने काउंटीच्या घातक कचरा केंद्राची वेळ घेतली. हो, इथे कचरा टाकायलाही अपॉइंटमेंट लागते, दाताच्या डॉक्टरची लागते तशी.

आत्या ठेवणीतली साडी नेसून सोबत आली. केंद्रावरचा नियम असा, की गाडीतून उतरायचं नाही, फक्त डिकी उघडायची. हातमोजे घातलेल्या माणसाने टाक्या उचलल्या, अंगठा दाखवला आणि पुढे जायची खूण केली. आत्याने काच खाली केली.

“अहो, भरलेल्या कुठायत?”

मी गाडी दामटली. ती मात्र मागे वळून बघत राहिली. रिकामी घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही, असा गॅसवाला तिने जन्मात पाहिला नव्हता.

तिची समजूत काढायला मी कायदा सांगितला. कॅलिफोर्नियाने २०२२मध्ये तो केलाय. १ जानेवारी २०२८पासून या एकदाच वापरायच्या टाक्या राज्यात विकता येणार नाहीत. तेवढ्याच आकाराच्या, पुन्हा भरता येणाऱ्या टाक्या आत्ताच मिळू लागल्यात. त्या भरून घ्यायच्या, नाहीतर रिकामी देऊन भरलेली आणायची.

“म्हंजे ह्यांच्याकडं गॅसचं पुस्तक आत्ता निघणार म्हण की!” आत्या म्हणाली. क्षणभर तिला अमेरिकेची दया आली असावी. मग तिच्यातली अनुभवी गृहिणी जागी झाली.

“मग आत्ताच नंबर लावून ठेव. एक तारखेला झुंबड उडंल.”